व्हीलचेअर सुचवण्याआधी माप घ्यायला लावा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मावशींना पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. डिस्चार्जच्या घाईत ऑनलाइन व्हीलचेअर मागवली. ती कांदिवलीच्या घरात बाथरूमच्या दारातून जात नाही आणि मावशींना एका हाताने ती चालवताही येत नाही. त्यावरून तुम्ही आणि तुमच्या मित्राने वेबसाइट काढायचं ठरवलं आहे: माणसाने वय, अपंगत्वाचा प्रकार आणि बजेट भरायचं, साइटने सर्वात योग्य पाच खुर्च्या दाखवायच्या. आणखी कोणते रकाने हवेत, मॉडेल्सची माहिती कुठून आणायची, खर्च कसा निघेल आणि एआय वापरावं का, हे तुम्ही विचारलंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी. मुंबईत व्हीलचेअर आणि सीटिंगचंच काम करते. कोड तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो, त्यात मी पडणार नाही. पण तुम्ही जी अडचण सोडवायला निघालात ती नेमकी कुठे आहे, याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे.

खुर्च्यांची यादी मिळत नाही म्हणून लोक अडलेले नसतात. प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत जा किंवा मोबाइलवर शोधा, डोळे दमतील इतक्या खुर्च्या आहेत. अडचण अशी, की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो, 'बजेट किती' आणि 'फोल्डिंग ना?', आणि घरच्यांना तिसरा प्रश्न काय विचारायचा हे माहीत नसतं. हॉस्पिटल म्हणतं उद्या सोडतो, मुलगा किंवा जावई संध्याकाळी जाऊन १८ इंची काळी रेक्झिनची खुर्ची उचलून आणतो. पुढची काही वर्षं माणूस त्या खुर्चीत काढतो. तुमची साइट या संध्याकाळच्या आधी त्या जावयाच्या हातात पडली पाहिजे, आणि दुकानात शिरताना त्याच्याकडे चार आकडे आणि सहा-सात प्रश्न असले पाहिजेत. 'सर्वात योग्य पाच' दाखवण्यापेक्षा 'या खुर्च्या तुमच्यासाठी बाद, आणि का बाद' हे दाखवणं जास्त प्रामाणिक आहे. खरं सांगायचं तर ते सोपंही आहे. स्क्रीनवरून योग्य खुर्ची ठरवणं मलाही जमत नाही. चुकीची खुर्ची मात्र आकड्यांवरूनही ओळखता येते.

आता रकान्यांकडे. 'अपंगत्वाचा प्रकार' हा तुमचा मुख्य रकाना मी बराच खाली ढकलीन. निदानावरून खुर्ची ठरत नाही. मणक्याला मार लागलेली दोन माणसं घ्या, एकाला छातीच्या वरच्या भागात दुखापत, दुसऱ्याला कमरेत. कागदावर दोघांचंही पॅराप्लेजिया, म्हणजे दोन्ही पायांचा लकवा. पहिल्याच्या पोटा-पाठीच्या स्नायूंत जोर नाही. दोन्ही हात उचलले की तो पुढे कलंडतो, त्याला पाठीला आधार जास्त लागणार. दुसरा बुटक्या पाठीच्या हलक्या खुर्चीत बसून स्टेशनपर्यंत एकटा जाऊन येईल. एकाच रकान्यातून दोघांना एकच यादी दिलीत तर एकाचं नुकसान ठरलेलं.

मावशींचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. एका हाताने एकच चाक ढकललं की खुर्ची जागच्या जागी गोल फिरते. म्हणून अर्धांगवायू झालेली बरीच माणसं चांगल्या हाताने चाक ढकलतात आणि त्याच बाजूच्या पायाने जमिनीवर पाऊल टाकत खुर्ची ओढतात, दिशा सांभाळतात. त्यासाठी टाच जमिनीला नीट टेकायला हवी. बाजारातल्या साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून १९-२० इंचांवर असते, वर कुशन टाकलं की आणखी वर. पाच फूट उंचीच्या बाईचा पाय तिथून लोंबकळतो. तिला बैठक १७ इंचांच्या आसपास हवी आणि चांगल्या बाजूचा फूटरेस्ट काढता यायला हवा. म्हणजे मावशींच्या बाबतीत निर्णायक आकडा होता बैठकीची जमिनीपासूनची उंची, आणि विक्रीच्या बहुतेक पानांवर तो आकडा नसतो. (आहे ती खुर्ची लगेच काढू नका. काही मॉडेल्समध्ये मागची चाकं वरच्या भोकात आणि पुढची लहान चाकं खालच्या मापाची बसवून बैठक खाली आणता येते. सायकल दुरुस्त करणाऱ्याला नव्हे, थेरपिस्टला किंवा ऑर्थोटिस्टला (शरीराला आधार देणारी साधनं बनवणाऱ्याला) दाखवून करा, कारण पुढची-मागची उंची जुळली नाही तर खुर्ची उलटू शकते.)

तर निदानाऐवजी काम विचारा. कोणता हात चाक घट्ट धरू शकतो? कोणता पाय जमिनीवर रेटता येतो? टेकल्याशिवाय बसता येतं का? खुर्चीतून पलंगावर कसं जाता: उभं राहून, बसल्या बसल्या सरकून, की कोणी उचलून ठेवतं? हा शेवटचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटेल, पण सरकून जाणाऱ्यासाठी न निघणारे आर्मरेस्ट असलेली प्रत्येक खुर्ची बाद होते, आणि स्वस्त खुर्च्यांपैकी बऱ्याच तशाच असतात. आणि एक प्रश्न कधीही गाळू नका: बसतो त्या जागेला चिमटा काढला तर कळतो का? याच्याकडे मी पुन्हा येईन.

मग मापं. इथे मात्र तुम्ही जीव ओतावा अशी माझी इच्छा आहे, कारण घरच्या घरी माप कसं घ्यायचं हे मराठीत चित्रांसह नीट समजावणारं काही मी रुग्णांना हातात देऊ शकत नाही. पद्धत सांगते. माणसाला सपाट, कडक जागेवर बसवायचं. लाकडी बाक चालेल, दिवाणाची फळी चालेल. सोफा, गादी, प्लॅस्टिकची बागेतली खुर्ची नको. पाय जमिनीला टेकलेले, गुडघे काटकोनात, कोणीतरी पाठीमागून धरलेलं. आता दोन जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या आणि नितंबांच्या दोन्ही बाजूंना उभी टेकवा. नुसती टेकवा, दाबू नका. दोन पुस्तकांच्या आतल्या कडांमधलं अंतर सुताराच्या स्टीलच्या टेपने सरळ रेषेत मोजा. शिवणकामाची टेप मांड्यांवर झोळ खाते आणि माप इंच-दीड इंचाने वाढतं. हे झालं बैठकीच्या रुंदीचं माप. खुर्चीची बैठक एवढीच हवी, फार तर एक इंच जास्त.

दुसरं माप मांडीचं: पाठीच्या मागे एक पुस्तक उभं लावून तिथपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत. दोन्ही पायांचं घ्यावं, कारण वेगळं निघू शकतं. त्यातून दीड-दोन इंच वजा केले की बैठकीची खोली मिळते. बैठक याहून लांब असेल तर कड गुडघ्यामागे रुतते, ते टाळायला माणूस पुढे घसरून पाठीचा कमानीसारखा बाक काढून बसतो, आणि घरचे म्हणतात, 'नीट बसतच नाहीत हो.' तिसरं, गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत, रोज घालतात ती चप्पल किंवा बूट घालून. चौथं, बैठकीपासून बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत आणि खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत. पाठीचा आधार या दोहोंपैकी कुठवर हवा ते तोल किती आहे यावर ठरतं. कुशन वापरणार असाल तर त्याची दबलेली जाडी पायाच्या आणि पाठीच्या मापात धरावी लागते. हा हिशोब साइटने आपोआप करावा, माणसावर सोडू नये.

रुंदीवर एवढा जोर का, तर आपल्याकडे 'मोकळी असू दे' म्हणून मोठी खुर्ची घ्यायची सवय आहे, शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवावा तशी. १४ इंचांच्या माणसाला १८ इंचांत बसवलं की तो एका बाजूला कलतो, कललेल्या बाजूच्या हाडावर सगळा भार येतो, आणि चाकापर्यंत हात पोचवायला कोपरं पंखांसारखी बाहेर काढावी लागतात. काही महिन्यांनी खांदा दुखायला लागतो. जो हात पाय म्हणूनही वापरायचाय, त्याचाच खांदा.

एक तांत्रिक गोष्ट, जी तुम्हाला माझ्याआधी सुचायला हवी होती: आपण घरात इंच-फुटात मोजतो आणि कंपन्यांचे तक्ते मिलिमीटरमध्ये असतात. रकान्यात कोणी ४० लिहिलं तर ते सेंटिमीटर आहेत हे ओळखून एकदा विचारा.

आता घर, आणि इथे मुंबई आडवी येते. साध्या फोल्डिंग खुर्चीची एकूण रुंदी म्हणजे बैठकीची रुंदी अधिक साधारण आठ इंच: दोन चाकं, दोन हातकड्या (चाकाबाहेरची, हाताने ढकलायची गोल कडी), मधली फट. १८ इंची खुर्ची २६ इंच जागा घेते. आपल्या इमारतींत बाथरूमचं दार पुष्कळदा २४ इंचांचं असतं, आणि दार पूर्ण उघडल्यावरही पल्ल्याची जाडी आणि कडी त्यातून एक-दीड इंच खाते. शिवाय हातकडी धरलेली बोटं चौकटीला घासू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना थोडी जागा लागते. म्हणून 'दाराची रुंदी' असं विचारू नका. 'दार पूर्ण उघडून, पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत सर्वात अरुंद जागा किती' असं विचारा, आणि घरातल्या सर्वात अरुंद दारासाठी विचारा. पुनर्वसनाच्या इमारतीतल्या ३०० चौरस फुटांच्या घरात पलंग आणि कपाट यांच्यामधली वाट हेसुद्धा एक दारच समजा. चाळीत तर शौचालय गॅलरीच्या टोकाला, आणि गॅलरीत पाण्याचे ड्रम, चपलांचे रॅक, कोणाची तरी सायकल.

बऱ्याच घरांत उत्तर असं निघतं की बाहेरची खुर्ची बाथरूममध्ये जाणारच नाही. ते स्पष्ट सांगा. लहान चाकांची, गंज न धरणारी कमोड खुर्ची आतल्यासाठी वेगळी घ्या असा सल्ला द्या. एकाच खुर्चीत सगळं साधायला जाणारी माणसं शेवटी 'कमोडवाली व्हीलचेअर' घेतात आणि दिवसभर मधे भोक असलेल्या बैठकीवर बसून राहतात. हे मला अजिबात चालत नाही.

लिफ्ट विसरू नका. दाराची रुंदी आणि आतली खोली दोन्ही. फूटरेस्टसकट खुर्ची साधारण ४२ इंच लांब असते. जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टमध्ये ती सरळ मावेलच असं नाही, आणि मावली तरी ढकलणारा माणूस बाहेर राहतो. लिफ्टच नसेल तर विचारा की खुर्ची कोण उचलणार. स्टीलची साधी खुर्ची १७-२० किलोंची असते, ॲल्युमिनियमची १२-१५. तिसऱ्या मजल्यावरून उतरवणारी बायको पन्नाशीची असेल तर हे पाच किलो किमतीपेक्षा मोठे ठरतात.

घराबाहेरचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही मुंबईकर आहात. कार्यालयात जाणार, की आठवड्यातून एकदा ओपीडीला, यावर सगळं अवलंबून. टॅक्सीने जाणार असाल तर डिकीत सीएनजीची टाकी असते हे लक्षात ठेवा: घडी घातलेली खुर्ची डिकीत मावत नाही, मागच्या सीटवर घ्यावी लागते, म्हणजे चाकं बटण दाबून निघणारी असतील तर सुटका. पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर आणि फलाट-डब्याच्या फटीत पुढची बारीक, कडक चाकं अडकतात. मोठी, थोडी रुंद चाकं तिथे तारून नेतात, पण घरात वळायला जास्त जागा मागतात. फूटरेस्ट जमिनीपासून निदान दोन इंच वर हवा, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला माणूस पुढे. आणि पाऊस, समुद्राची हवा. सीलबंद नसलेली बेअरिंग इथे एका पावसाळ्यात कुरकुरायला लागतात. 'बेअरिंग सीलबंद आहेत का' हा रकाना बंगळुरूच्या साइटवर नसला तरी चालेल, मुंबईच्या साइटवर हवा.

इथपर्यंतचं एका दमात: आधी शरीर काय करू शकतं, मग चार मापं, मग सर्वात अरुंद दार आणि लिफ्ट, मग वापर कुठे आणि उचलणार कोण. बजेट याच्यानंतर. निदान अगदी शेवटी, आणि तेही फक्त पुढच्या कारणासाठी.

काही लोकांना तुमच्या साइटने खुर्ची दाखवूच नये. चिमट्याचा प्रश्न आठवतो? ज्याला बसायच्या जागेची संवेदना नाही, ज्याला तिथे जखम आहे किंवा पूर्वी होऊन गेली आहे, त्याला खुर्चीआधी कुशन लागतं आणि ते कोणतं हे माणूस पाहिल्याशिवाय ठरत नाही. निरोगी माणूस तासभर बसला की नकळत दहा वेळा चुळबुळ करतो. संवेदना नसलेला तसाच बसून राहतो आणि बसायच्या हाडांवरची कातडी आतून मरायला काही तास पुरतात. ती भरायला महिने लागतात. मेडिकलमध्ये मिळणारी हवेची गोल रिंग तर मुळीच नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी दाबला जातो. तसंच पाठीचा कणा वाकलेला असेल, कंबर किंवा गुडघे काटकोनात येत नसतील, मान धरता येत नसेल, लहान मूल असेल, किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारखा स्नायूंचा वाढत जाणारा आजार असेल, तर फॉर्म तिथेच थांबवा. शब्द मऊ ठेवा, पण थांबवा: 'तुमच्यासाठी प्रत्यक्ष तपासणी गरजेची आहे, इथे जा.' आणि पत्ते द्या. हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन १९५५ पासून हेच काम करते. केईएम, सायन आणि नायरमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षणही चालतं आणि ओपीडीही. तिथवर जाताना माणसाच्या हातात तुमच्या साइटवरचा मापांचा कागद असेल, तर तिथल्या थेरपिस्टचा वेळ वाचेल आणि ती तुम्हाला दुवा देईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअर देण्याचे चार टप्पे सांगितलेत: निवड, फिटिंग, प्रशिक्षण, पाठपुरावा. तुमची साइट पहिल्या टप्प्याचा निम्मा भाग करू शकते. हे कमी लेखून सांगत नाही, तो निम्मा भाग आज कोणीच करत नाही. फक्त बाकीचं झाल्याचा भास साइटने निर्माण करू नये.

पैशांचा आणि सरकारी मदतीचा भाग खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहे. केंद्राच्या एडीआयपी या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेतून, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची मर्यादा या अटींवर, साधनं मिळतात. त्यातली पुष्कळशी कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं असेल तर कागदपत्रांची धावपळ कमी होते. साइटवर मर्यादेचे आकडे कोरून ठेवू नका, ते बदलतात. योजनेच्या पानाचा दुवा आणि 'शेवटचं कधी तपासलं' ती तारीख ठेवा. एक गोष्ट मात्र ठळक लिहा: एकदा साधन घेतलं की त्याच कारणासाठी पुन्हा अर्ज करायला काही वर्षं थांबावं लागतं. शिबिरात मिळते म्हणून न बसणारी खुर्ची घेऊन आलेला माणूस योग्य खुर्चीचा हक्क त्या काळापुरता घालवून बसतो. शिबिराला जातानाही मापांचा कागद घेऊन जा आणि आकार विचारा, असं सांगा.

आता मॉडेल्सची माहिती. यातच तुमची दमछाक होणार आहे. अमेरिकेत एबलडेटा नावाचा साधनांचा मोठा कोश सरकारी पैशावर काही दशकं चालला आणि निधी थांबल्यावर २०२० मध्ये बंद झाला. यादी बनवणं अवघड नसतं, ती ताजी ठेवणं माणसं खातं. म्हणून भारतातली सगळी मॉडेल्स गोळा करायला जाऊ नका. मुंबईत प्रत्यक्ष हात लावून पाहता येतील अशी थोडीच घ्या, टेप घेऊन दुकानात जा आणि स्वतः मोजा. तक्त्यात दिलेलं आणि प्रत्यक्ष मोजलेलं असे दोन वेगळे रकाने ठेवा. बैठकीची रुंदी, खोली, जमिनीपासूनची उंची, एकूण रुंदी आणि लांबी, वजन, आर्मरेस्ट-फूटरेस्ट निघतात का, मागच्या चाकाचा आस पुढे-मागे करता येतो का, किती किलोंपर्यंतचा माणूस चालतो, सुटे भाग कुठे मिळतात. आसाचा मुद्दा वगळू नका. चाक थोडं पुढे आणलं की ढकलायला हलकं होतं आणि मागे उलटायची शक्यताही वाढते. साध्या खुर्चीत तो घट्ट बसवलेला असतो, आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनच्या निओफ्लायसारख्या मापाने बनणाऱ्या खुर्चीत तो माणसाप्रमाणे ठेवता येतो. बॅटरीच्या खुर्चीला बॅटरी किती वॉट-तासांची आणि ती काढता येते का हेही लिहा. घडीच्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढून विमानात न्यायची तर एका बॅटरीला ३०० वॉट-तासांची मर्यादा असते.

कंपनीला विचारा की आयएसओ ७१७६ ची, म्हणजे व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, चाचणी केली आहे का. त्यातल्या मजबुतीच्या भागात खुर्ची दोन रोलरांवर २,००,००० फेऱ्या चालवतात आणि पाच सेंटिमीटरवरून ६,६६६ वेळा खाली सोडतात. आपल्या फुटपाथांचा विचार केला तर ही चाचणी फार कडक वाटत नाही. उत्तर आलं नाही तर रकान्यात 'माहिती दिली नाही' असं छापा. तो रकाना रिकामा ठेवू नका.

निकालाचं पान असं करा: आधी बाद झालेल्या खुर्च्या, प्रत्येकीसमोर एका ओळीत कारण. 'तुमच्या बाथरूमच्या दारापेक्षा दोन इंच रुंद.' 'आर्मरेस्ट निघत नाही, तुम्ही सरकून पलंगावर जाता.' मग उरलेल्या, क्रमांक न देता. आणि एक पानाचा कागद, ए४, छापता येईल आणि व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असा: मापं, घराचे आकडे, दुकानदाराला विचारायचे प्रश्न. माझ्या मते हा कागद हेच तुमचं उत्पादन. बाकी साइट त्याच्यासाठी.

साइट कोण वापरणार याचाही विचार करा. मानेला दुखापत झालेला मुलगा फोन छातीवर ठेवून एका बोटाच्या सांध्याने टाइप करतो, किंवा बोलून. त्याला ओढून हलवायचे स्लायडर, तीस सेकंदांत संपणारा ओटीपी आणि वाहतुकीचे दिवे ओळखायला लावणारा कॅप्चा म्हणजे बंद दार. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे साइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, बटणांचा किमान आकार आणि ओढण्याला पर्याय हे दोन्ही आहे, ते पाळा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे, तेव्हा हे ऐच्छिक समजू नका. फॉर्म अर्ध्यावर सोडून दुसऱ्या दिवशी पुढे भरता यावा, कारण माप घ्यायला दुसरं माणूस घरी यावं लागतं. लॉगिन मागू नका, नावही नको. आकडेमोड फोनमध्येच होऊ द्या. शरीराची माहिती गोळाच केली नाही तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याची निम्मी डोकेदुखी टळते.

कमाईबद्दल. खुर्चीमागे कमिशन घेतलंत की बाद करण्याचा तुमचा अधिकार संपला, कारण बाद होणारी खुर्ची तुमचं गिऱ्हाईक असेल. ट्रस्ट, कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्याचा निधी), किंवा रुग्णालयांना त्यांच्या नावाने फॉर्म वापरू देऊन वार्षिक शुल्क, हे मार्ग मला बरे वाटतात. दुरुस्ती करणाऱ्यांची यादी टाकलीत आणि त्यांच्याकडून थोडं नोंदणी शुल्क घेतलंत तरी माझी हरकत नाही. पुढच्या चाकाचा फोर्क (चाक धरणारा दुबेळका) वाकला की मुंबईत कुठे जायचं, हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं.

राहिलं एआय. मापावरून खुर्ची बाद करणं हे बेरीज-वजाबाकीचं काम आहे, त्याला अंदाज बांधणारं यंत्र कशाला? नियम साध्या तक्त्यात लिहा, म्हणजे माझ्यासारखीला ते वाचून 'हा चुकलाय' म्हणता येईल. मराठीत बोललेलं ऐकून फॉर्म भरणं, किंवा कंपन्यांच्या पीडीएफमधून आकडे उचलून माणसाला तपासायला देणं, यासाठी वापरा. तक्ता तयार झाला की एक्सेलमध्येच पाठवा, सुंदर दिसायची गरज नाही. जखमेचे आणि सरकून जाण्याचे नियम मी आधी बघेन, बाकीचे सवडीने.